गप्प बसण्याचा फ्रेंच शब्द

माझ्या धंद्यात बोंब मारायचे शब्दसुद्धा ठरलेले होते, आणि ते सगळे फ्रेंच होते. जहाज ग्रीक मालकाचं, कप्तान केरळचा, खलाशी आपले दापोली-खेड-महाडचे, कामकाज इंग्रजीत. पण जीव जायची वेळ आली की ओरडायचं मात्र फ्रेंचमध्ये. मी पोलादपूर तालुक्यातला, उमरठच्या बाजूच्या एका खेड्यातला माणूस. फ्रेंच सोडाच, मॅट्रिकला इंग्रजीने मला दोनदा लोळवलं होतं. तरी मालवाहू जहाजांवर तेवीस वर्षं मी रेडिओ ऑफिसर होतो. आमची आई शेवटपर्यंत लोकांना सांगायची, "आमचा बाळू बोटीवर रेडिओ वाजवतो." लोकांना वाटायचं, मी खलाशांना गाणी लावून देतो. मीही कुणाचा गैरसमज दूर केला नाही. खरं काम सांगायला गेलं की ऐकणाऱ्याला जांभई येते, कारण खरं काम म्हणजे कानाला यंत्र लावून ऐकत बसणं.

संपादकांनी समुद्रावरचे मजेशीर किस्से मागितले आहेत. एकदोन देतो. पण शेवटी जे सांगणार आहे ते मजेशीर नाही आणि समुद्रावरचंही नाही. सणासुदीला तोंड कडू करायचं नसेल त्याने मधेच थांबावं, मी रागावणार नाही.

आधी ते शब्द. रेडिओवर मदत मागायच्या तीन पायऱ्या असतात. सगळ्यात वरची 'मेडे'. तीनदा म्हणायचा. अर्थ एकच: माणसं आत्ता मरताहेत, धावा. तारायंत्राच्या काळात टिकटिक करून एसओएस पाठवायचे. पण तोंडाने बोलायचे रेडिओ आले, तेव्हा घरघरीत 'एस' हे अक्षर धड ऐकूच येईना. लंडनच्या विमानतळावरच्या एका रेडिओवाल्याला सांगितलं, नवीन शब्द काढ. तिथली बरीचशी विमानं पॅरिसला जायची-यायची. त्याने विचार केला, दोन्हीकडच्यांना कळेल असा शब्द हवा. फ्रेंचमध्ये 'मला मदत करा' याला म्हणतात 'मेदे'. झालं, तेच इंग्रजांच्या तोंडी 'मेडे' झालं. मे महिन्याशी त्याचा काडीचा संबंध नाही.

दुसरी पायरी 'पान-पान'. हाही तीनदा. अर्थ: अडचणीत आहोत, पण अजून जिवावर आलेलं नाही, लक्ष ठेवा. हा शब्द शिकवताना प्रत्येक वर्गात एक तरी पोरगा विचारायचा, "सर, चुना कमी की जास्त?" मूळ शब्द 'पान्न', म्हणजे बिघाड. तोसुद्धा आधी शिडाच्या गलबतांवरचा. शिडं अशी आडवी फिरवायची की वारा असूनही गलबत जागच्या जागी उभं राहतं, ती अवस्था. पुढे बंद पडलेल्या कुठल्याही यंत्राला तो शब्द लागला. तिसरी पायरी 'सेक्युरिते', म्हणजे नुसती सावधगिरीची सूचना: पुढे वादळ आहे, दिवा विझलाय, ओंडका तरंगतोय.

फ्रान्सच्या मार्सेय बंदरात एकदा कानाच्या दुखण्यासाठी डॉक्टरकडे गेलो होतो. इमारतीच्या लिफ्टला पाटी लटकवलेली, त्यावर तोच 'पान्न'. जो शब्द ऐकून वादळात आम्हाला घाम फुटायचा तो इथे आपला सुतळीने बांधलेला! चार मजले चढून गेलो. तिथला म्हातारा डॉक्टर मोडकंतोडकं इंग्रजी बोलायचा. त्याला मोठ्या ऐटीत सांगितलं, आम्ही बुडताना तुमच्या भाषेत ओरडतो. त्याने विचारलं, काय ओरडता? मी म्हटलं, "मेदे, मेदे." तो खो खो हसला. म्हणाला, बुडणारा फ्रेंच माणूस असं कधीच ओरडणार नाही, तो 'ओ सकूर', म्हणजे 'वाचवा', असं ओरडेल. म्हणजे इंग्रजांनी घेतलेला शब्द ज्यांच्याकडून घेतला त्यांनाच परका! कानात औषध घालताना मध्येच त्याला पुन्हा हसू यायचं आणि थेंब गालावर पडायचे.

आता चौथा शब्द. माझी गोष्ट त्याच्यापाशी अडते. 'सीलॉन्स.' इंग्रजी 'सायलेन्स'च तो, पण रेडिओवर मुद्दाम फ्रेंच वळणाने म्हणायचा, म्हणजे इतर बोलण्यात हरवत नाही. कुणी मेडेची हाक दिली की त्या बचावकामाचा ताबा एक केंद्र घेतं. ते केंद्र सांगतं, 'सीलॉन्स मेडे'. त्या क्षणापासून त्या लहरीवर बाकी सगळ्यांनी तोंड बंद ठेवायचं. फक्त ज्याच्या स्वतःच्या जिवावर बेतलंय त्यानेच ते मोडायचं. काम संपलं की तेच केंद्र म्हणतं, 'सीलॉन्स फीनी'. गप्प बसणं संपलं, बोला आता.

आम्हा रेडिओवाल्यांची ही शिस्त म्हणजे धर्मच. रेडिओच्या खोलीतल्या घड्याळावर तांबड्या रंगाच्या फाका काढलेल्या असायच्या, तीन-तीन मिनिटांच्या. काटा त्या फाकेत आला की जगातल्या सगळ्या जहाजांनी गप्प बसून फक्त ऐकायचं. कुठे कोण क्षीण आवाजात ओरडत असेल तर कळावं म्हणून. अरबी समुद्रात एकदा मी असा एक आवाज ऐकला. सिमेंटचं जुनं जहाज होतं, पाणी आत शिरलेलं. तिकडचा रेडिओवाला आपली जागा सांगत होता, अक्षांश-रेखांशाचे आकडे. किनाऱ्यावरच्या केंद्राने सीलॉन्स लावलेला. आणि तेवढ्यात कुणीतरी मच्छीमार बोटीवरचा हिरो मध्येच बडबडायला लागला. कुणाच्या तरी साखरपुड्याच्या गप्पा. शेवटचे दोन आकडे त्या साखरपुड्याखाली गेले. आम्ही सहा जहाजं दीड दिवस शोधत होतो. एक रिकामी होडी मिळाली. तेव्हापासून जो सीलॉन्स मोडतो तो माझ्या लेखी खुनी. हे मी नंतर पोरांना असंच, याच शब्दांत शिकवलं.

उपग्रह आले आणि आमची जात संपली. मग मुंबईत एका खाजगी संस्थेत मी परीक्षेला बसणाऱ्या पोरांना रेडिओची रीत शिकवली. खडूस मास्तर म्हणून नाव कमावलं. एकाने जरी 'मेडे' दोनदाच म्हटलं तर त्याला वर्गाबाहेर काढायचो. निवृत्त होऊन पोलादपूरला येऊन राहिलो तेव्हा वाटलं, संपलं सगळं. पण आपला मुलूख असा, की पावसाळ्यात पहिली वीज जाते, मग मोबाइलचा टॉवर जातो आणि मग डोंगर कधी जाईल याचा नेम नसतो. आम्ही पाच-सहा निवृत्त मंडळींनी ठरवलं, वायरलेस बसवायचा. महाडच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका कंपनीने सेट दिले, परवाने रीतसर काढले, आणि वाड्या-वस्त्यांवर पंधरा माणसं नेमली. पोलादपूरच्या एका शाळेची खोली आमचं केंद्र. केंद्रावर मी.

त्या पंधरांत दोघांची ओळख करून देतो. एक गणेश, वीर स्टेशनवरून महाडला रिक्षा मारणारा, राहायला पोलादपूरजवळ नदीकाठच्या गावात. दुसरी सुनंदा ढेबे. डोंगराच्या माथ्याखाली धनगरांची सात घरांची वाडी आहे, तिथली सून. नवरा मुंबईत हॉटेलात कामाला. सासू गंगूबाय, सासरा कोंडिबा, चार म्हशी आणि शेरडं. सातवी शिकलेली, पण उच्चार असे खणखणीत, की माझे मुंबईचे पदवीधर तिच्यापुढे पाणी भरतील. वाडीत सेटवर ऐकू यायचं, पण तिथून बोललेलं खाली पोचायचं नाही. जवळच डोंगराची सोंड आहे, पाच मिनिटांच्या चालीवर, तिथे उभं राहून ती बोलायची. "केंद्र, केंद्र, वरची वाडी बोलते. सगळं ठीक हाय. ओव्हर." माझी आवडती विद्यार्थिनी ती.

मी त्यांना सगळे फ्रेंच शब्द शिकवले. मराठीत शिकवता आले नसते का? आले असते. 'धावा' म्हटलं असतं तरी चाललं असतं. पण मला वाटलं, आपल्या वाडीतल्या पोरीने मार्सेयच्या बंदरातला शब्द बोलावा. मिरवायची हौस, दुसरं काय! आणि एक नियम घातला: खालून निरोप आल्याशिवाय कुणी घर सोडायचं नाही, आणि निरोप आल्यावर क्षणभर थांबायचं नाही. त्याआधीच्या वर्षी अफवेवर लोक भर पावसात गुरंढोरं घेऊन उतरले होते आणि हाल झाले होते, म्हणून हा नियम.

ज्येष्ठात एका सकाळी सुनंदाची हाक आली. "मेडे, मेडे, मेडे. वरची वाडी. घळीत पडली, घळीत पडली. ओव्हर."

मी ताडकन उभा राहिलो. "कोण पडलंय? माणूस किती वर्षांचं? ओव्हर."

"माणूस नाय सर. म्हस हाय. गाभण हाय. दोर घेऊन चार मानसं पाठवा. ओव्हर."

माझं डोकंच फिरलं. पंधरा सेट चालू आहेत हे विसरून नव्हे, ते लक्षात ठेवूनच मी म्हणालो, "म्हशीसाठी मेडे? उद्या कोंबडी हरवली तर विमान मागवशील? मेडे माणसासाठी असतो. जनावरांचं रडगाणं या सेटवर मला पुन्हा ऐकू येता कामा नये. समजलं?"

दुसऱ्याच कुठल्यातरी सेटवरून कुणीतरी खुदकन हसलेलं सगळ्यांना ऐकू गेलं. मग तिचा आवाज आला, "समजलं सर. ओव्हर." म्हैस संध्याकाळपर्यंत तिथेच मेली. त्या घराचं अर्धं दूध तिच्या जिवावर होतं, हे मला महिन्याने कळलं. त्या वाडीत माणसांचा आणि जनावरांचा जीव वेगवेगळा मोजत नाहीत, हे कळायला मला आणखी वेळ लागला.

मग आषाढ आला. तीन दिवस पाऊस उघडला नव्हता. वीज नाही, फोन नाही. कशेडी घाटात दरड येऊन ट्रक खोळंबलेले. सकाळी साडेदहाच्या सुमारास गणेशची हाक आली. प्रवासी जीप फरशी पुलावरून वाहून खाली गेली होती आणि पाण्यातल्या उंबराला अडकली होती. टपावर सहा माणसं. "मेडे, मेडे, मेडे." बरोबर तीनदा. मी घसा खाकरला आणि म्हणालो, "सीलॉन्स मेडे. सर्व केंद्रांनी गप्प राहावं. सीलॉन्स मेडे."

तेवीस वर्षं समुद्रावर मी हा शब्द पाळला होता. दहा वर्षं वर्गात शिकवला होता. लावला कधीच नव्हता. लावायचं काम किनाऱ्याचं, आम्ही बापडे जहाजवाले ऐकणारे. आयुष्यात पहिल्यांदा एका मेडेचा धनी मी होतो.

आणि काम झकास झालं. गणेशला म्हटलं, घाटात अडकलेल्या ट्रकवाल्यांकडे पळ, त्यांच्याकडे ताडपत्रीचे जाड दोर असतात. शेजारच्या गावाच्या सेटला हाक मारून पट्टीचे पोहणारे मागवले. एकेक माणूस दोराला बांधून ओढला. पावणेबारा वाजता गणेश ओरडला, "सर, साही! साही माणसं भायेर!" शाळेत आसरा घेतलेल्या लोकांनी टाळ्या वाजवल्या. एका आजीने माझी अलाबला घेतली. कुणीतरी चहा आणला. मी कानावरचं यंत्र काढून टेबलावर ठेवलं आणि लोकांना मेडेची गोष्ट सांगायला बसलो. लंडनचा विमानतळ, पॅरिसची विमानं, सगळं. लोक तोंडात बोट घालून ऐकत होते, आणि मी फुगत होतो.

'सीलॉन्स फीनी' म्हणायचं राहिलं.

विसरलो. एवढंच आहे, याच्यापेक्षा मोठं कारण नाही. जन्मभर दुसऱ्याने उठवलेला सीलॉन्स ऐकायची सवय, आपण उठवायचा असतो हे जिभेला माहीतच नव्हतं. एक वाजता पुन्हा सेटपाशी बसलो. लहरीवर चिडीचूप. शेजारी बसलेल्या शाळेच्या मास्तरांना मी म्हणालोसुद्धा, "बघा, किती शांत आहे. म्हणजे सगळीकडे ठीक आहे."

दोन वाजायला आले होते. सेट हलकेच खरखरला.

"सर, आता बोलू का? ओव्हर."

सुनंदाचा आवाज. मी जरा चेष्टेनेच म्हणालो, "बोल की गो. तुला कोणी अडवलंय? ओव्हर."

मग ती म्हणाली, "सर, वाडी गेली."

पुढचे दोन दिवस मी लिहीत नाही. वर जायचा रस्ता नव्हता. माणसं पायी गेली, चिखल हाताने उपसला. तीन घरं डोंगराखाली गेली होती. पाच माणसं. त्यांत गंगूबाय. कोंडिबा शेरडांमागे माथ्यावर होता म्हणून वाचला, आणि सुनंदा सोंडेवर होती म्हणून वाचली.

सोंडेवर ती दोन तास उभी होती. हे तिने मला दवाखान्यात, भिजून तापाने पडली होती तेव्हा सांगितलं, तेही मी विचारलं म्हणून. अकराच्या सुमाराला वाडीचा झरा गढूळ झाला. बाराला कोंडिबाच्या म्हशी चरून परत आल्या आणि गोठ्यात जाईनात. ओढल्या, मारल्या, तरी दारात पाय रोवून हंबरत राहिल्या. धनगराला त्याचा अर्थ वेगळा सांगावा लागत नाही. गंगूबाय म्हणाली, "सुनंदा, जा गो, खाली सांग. गुरं आत जात नायत. खालचे काय म्हनतात इचार, घरं सोडू का?" सुनंदा पावसात सोंडेवर गेली. सेट कानाला लावला. सीलॉन्स लागलेला तिने सकाळीच ऐकला होता. साही माणसं बाहेर आल्याचंही ऐकलं होतं. मग आता उठवतील, आता उठवतील, म्हणून ती थांबली. गंगूबाय एकदा सोंडेपर्यंत विचारायला आली. सुनंदाने तिला सांगितलं, "आत्या, अजून बोलायचं नाय. मानसांचं काम चाललंय. आपन गुरांसाठी कसं मधी बोलायचं?" म्हातारी परत गेली.

"मला वाटलं सर," ती मला म्हणाली, "आपन बोललो आनि त्यापायी कोन मेलं तर?"

ती एक वाक्य जरी बोलली असती, तर मी काय केलं असतं? गढूळ झरा म्हणजे काय हे मला माहीत होतं. तसा कागदच आमच्या भिंतीवर लावलेला होता. मी म्हणालो असतो, आहात तसे उठा आणि सोंडेवर जा. पाच मिनिटांची चाल होती.

मी तिला दवाखान्यात काय सांगितलं? काही नाही. म्हटलं, "विश्रांती घे." आणि बाहेर आलो.

महिनाभराने सेट देणाऱ्या कंपनीचा एक तरुण अधिकारी घरी आला. सभ्य मुलगा. आमच्या मंडळाचा त्यांच्याशी करार होता, म्हणून एक निवेदन लिहून आणलं होतं. त्यात पुन्हा एक फ्रेंच शब्द भेटला: 'फोर्स माज्योर'. म्हणजे थोरली शक्ती. नेपोलियनच्या कायद्यातून निघून तो इंग्रजी करारांत येऊन बसला आहे. माणसाच्या हाताबाहेरचं काही घडलं तर दोष कोणाचाच नाही, असा त्याचा अर्थ. तो मुलगा म्हणाला, "सर, तुम्ही सहा जीव वाचवलेत. दरडीचं कोण काय करणार? फोर्स माज्योर." त्याला बाकी काही माहीत नव्हतं. मी सांगितलं नाही. सही केली. त्या रात्री मला चांगली झोप लागली, हेही कबूल करतो.

पण शब्दांची मुळं खणायची खोड वाईट. मी त्या कलमाबद्दल वाचलं. त्याला तीन अटी आहेत. घटना बाहेरची हवी: होती, डोंगर माझा नव्हता. अडवता न येणारी हवी: होती, दरड कोण अडवणार? आणि तिसरी, आधी कळण्यासारखी नसावी. ती मात्र कळलेली होती. म्हशींना कळली होती, गंगूबायला कळली होती, आणि सांगायला सुनंदा यंत्र हातात घेऊन उभी होती.

तरीही मी गप्प राहिलो. दसरा गेला, दिवाळी गेली. मग एक दिवस गणेश रिक्षा घेऊन आला आणि दारातूनच म्हणाला, "सर, सुनंदाचं काय ऐकलंत काय? वाडीवाल्यांनी तिला टाकलीय. म्हनतात, हातात यंत्र असून ही गप बसली, हिनं पाच मानसं खाल्ली. नवरा मुंबैसनं आला न् तिच्याशी न बोलता गेला. सासरा म्हनतो, म्हायेराला जा."

"ती काय म्हणते?"

"ती काय म्हननार? म्हनते, चूक माजीच हाय."

मी चपला घातल्या.

वाडीतल्या उरलेल्या माणसांना रस्त्याच्या कडेला पत्र्याच्या शेडमध्ये ठेवलं होतं. कोंडिबा दारात बसला होता, आजूबाजूला आणखी सात-आठ जण जमले. "बोटीवाले आले," कुणी म्हणालं. मला घोंगडी अंथरली. शहाण्या माणसाला देतात तसा मान दिला. आलेल्या माणसाला पाणी द्यायचं म्हणून सुनंदा तांब्या-भांडं घेऊन पुढे आली. कोंडिबा तिच्याकडे न बघता म्हणाला, "ऱ्हाऊ दे ते. हिच्या हातचं नको पावन्याला." दुसऱ्या घरातली बाई उठली. मी म्हटलं, "पाणी राहू द्या. आधी माझं ऐका."

आणि सांगितलं. सगळं, या लेखात लिहिलंय तसं. सहा माणसं बाहेर आल्याबरोबर मी एक शब्द बोलायला हवा होता, तो बोललो नाही. दोन तास ती त्या शब्दाची वाट पाहत उभी होती. जनावरांसाठी बोलायचं नाही, हेही तिला मीच बजावलं होतं, सगळ्यांसमोर, हसं करून. गप्प राहायचा हुकूम माझा होता, आणि तिने तो माझ्या कुठल्याही विद्यार्थ्यापेक्षा चांगला पाळला. "तुमची माणसं तिच्यामुळे गेली नाहीत," मी म्हटलं. "माझ्यामुळे गेली."

मला वाटलं होतं, कोणी अंगावर येईल. आलं असतं तर बरं झालं असतं. एक म्हातारी पदराने डोळे पुसत राहिली. कोंडिबाने विचारलं, "हे तुमाला कदी कळलं?"

"त्याच आठवड्यात. दवाखान्यात तिने सांगितलं तेव्हा."

"म्हंजे आखाडात." तो बोटांवर महिने मोजायला लागला आणि मध्येच थांबला. "आन तवापासनं आमी हिच्या हातचा घोट घेतला नाय."

सुनंदा पत्र्याच्या कोपऱ्याला धरून उभी होती. ती माझ्याकडे बघत होती, पण रागाने नव्हे. गणित चुकलेल्या मुलीला मास्तरांचंच उत्तर चुकलं होतं असं कळावं, तसं काहीसं तिच्या तोंडावर होतं. तिने एकच विचारलं, "दवाखान्यात तुमी माज्या उशाशी बसला व्हता. तवा ठाव व्हतं तुमाला?"

"हो," मी म्हणालो.

कोंडिबा भिंतीला हात लावून उठला. त्याने पटका काढून पुन्हा डोक्याला गुंडाळला, घसा साफ केला, आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "सुनंदा, पोरी, पानी आन गो. मला."

ती आत गेली. तांब्या भरून घेऊन आली. सासऱ्याने भांडं दोन्ही हातांनी धरलं आणि पाणी पिताना तो रडत होता. मग त्याने भांडं शेजारच्याकडे दिलं. ती एकेकापुढे वाकून पाणी ओतत गेली. त्या डोळे पुसणाऱ्या म्हातारीला दिलं, दाराशी उभ्या असलेल्या गणेशला दिलं. सगळे प्यायले. घोंगडीवर मी बसलो होतो तिथपर्यंत ती आली, आणि माझ्यासमोरून तशीच आत गेली.

तांब्यात पाणी होतं, मी पाहिलं. मागितलं असतं तर तिने दिलंही असतं. मी मागितलं नाही.